वाढत्या अंगाचा

आमच्या घराण्यात कपडा कधी अंगाबरोबर शिवला गेला नाही. वरवट बकालला शिंपी माझे माप घेऊ लागला, की वडील दारातूनच त्याला बजावीत, "वाढत्या अंगाचा ठेव बरं का!" मुंजीतला माझा कोट मॅट्रिकच्या वर्षी मला नीट बसला. तेव्हा नात झाली आणि तिच्यासाठी मोटारीतली खुर्ची घ्यायची ठरली, त्या वेळी पुण्याच्या दुकानात मीही तेच म्हणालो. "९ ते १८ किलोंची घेऊ. थोडी ढगळ होईल, पण पुरेल."

सूनबाई माझ्याशी सहसा वाद घालीत नाही. त्या दिवशी तिने घातला.

तान्ह्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. गाडी समोरून आदळली, की धड पट्ट्यात अडकते आणि डोके पुढे झेपावते. म्हणून पहिली खुर्ची मागे तोंड करूनच बसवायची. मग सारा दणका पाठीवर पसरतो. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना १९६४ साली ही कल्पना सुचली, ती उताणे पडून अवकाशात जाणाऱ्या वीरांच्या आसनांवरून! मात्र समोर हवेची पिशवी असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीच ठेवू नये. मी मुकाट्याने १३ किलोंपर्यंतची खुर्ची घेतली. नातीचे डोके तिच्या काठाशी आले तेव्हा दुसरी आली, तुम्ही ओळखलेच असेल, ९ ते १८ किलोंची. तिच्या खांद्यावरच्या पट्ट्यांत चिमटीत धरण्याइतकीही ढिलाई चालत नाही. पुढे उंच बैठक येईल, गाडीचा पट्टा गळ्याला न काचता खांद्यावर आणि पोटावर न येता मांड्यांच्या मुळाशी बसावा म्हणून. ती दीड मीटरच्या आसपास उंची होईपर्यंत! म्हणजे तीन खुर्च्या. वडील असते तर शिंप्याला बोलावणे धाडले असते.

यंदा दिवाळीला आम्ही आगगाडीने शेगावला उतरलो. नात आता तीन वर्षांची, वजन १४ किलो. तिची खुर्ची हमालाच्या डोक्यावर. पुतण्या गाडी घेऊन आला होता, आणि महाराजांच्या दर्शनाच्या निमित्ताने वहिनीही आल्या होत्या. खुर्ची बांधायला गेलो तर मागच्या सीटला पट्टेच दिसेनात. मखमली अभ्रा उचलला, तेव्हा त्याखाली तीन बक्कले निघाली. गाडी घेतल्यापासून कोणी पाहिली नव्हती. बकालला जायचे तर बक्कल हवेच, हा माझा विनोद कोणी हसण्यावर नेला नाही.

"भाऊजी, पोरीले असं काहून बांधून ठेवता? द्या माह्या मांडीवर!" वहिनी म्हणाल्या.

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी खुर्ची हवी, नाहीतर १००० रुपये दंड, हा २०१९ पासूनचा कायदा मी सांगितला. वहिनींना राग आला तो आलाच. चार पोरे मी मांडीवरच वाढवली, म्हणाल्या. खोटे नव्हते. मलाही कोणी खुर्चीत बांधले नव्हते. पण तेव्हा मला नेणारी बैलगाडी होती.

पूर्णेचा पूल ओलांडला तेव्हा दिवेलागण झाली होती. कापसाने भरलेला एक ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, एकाएकी समोर आला. पुतण्याने करकचून ब्रेक दाबला. मी पुढच्या सीटवर होतो. मला पट्ट्याने धरले. पण माझ्या मांडीवर शेगावच्या कचोऱ्यांचे पुडके होते, किलोभराचे, दोन्ही हातांनी धरलेले. ते कधी निसटले मला कळलेच नाही. काचेवर आपटून कचोऱ्या सगळ्या पायांत पडल्या. मागे वहिनींचे कपाळ माझ्या सीटला लागून चांगले टेंगूळ आले.

नात जिथल्या तिथे होती. "आजोबा, कचोरी सांडली," एवढेच म्हणाली.

गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मी मनात एका किलोचे चौदा करून पाहत होतो, आणि तेही जेमतेम चाळिसाच्या वेगाला. वहिनी कपाळाला पदर लावून बसल्या होत्या. गाव दिसू लागले तेव्हा त्यांनी अभ्र्याखाली हात घालून चाचपले.

"भाऊजी, माह्यावाला पट्टा कोणता हो?"