शेवाळ आधी ओळखावे

प्लांटेड टँकमध्ये थोडेफार शेवाळ असतेच. दगडाच्या मागच्या अंगाला किंवा फिल्टरच्या नळीला धरलेल्या हिरव्या थराने काही बिघडत नाही. ते पानांवर चढू लागले की उपाय करावा लागतो, आणि कोणता हे शेवाळाच्या प्रकारावर ठरते. ग्राहक मात्र ‘टाकीत शेवाळ झालंय’ एवढेच सांगतो, आणि दुकानातून शेवाळनाशकाची बाटली दिली जाते.

नव्या टाकीत काचेवर आणि रेतीवर बसणारी तपकिरी भुकटी डायाटमची असते. ती बोटाने पुसली जाते आणि टाकी मुरली की बहुधा आपसूक नाहीशी होते. काचेवरचे कडक हिरवे ठिपके ब्लेडने खरवडावे लागतात. रेतीवर सायीसारखी पसरणारी, उचलल्यावर अख्खी निघणारी, कुबट वासाची निळसर-हिरवी चादर हे शेवाळ नव्हेच; ते सायनोबॅक्टेरिया आहेत, भातखाचरात नत्रासाठी सोडतात त्याच कुळातले. ही चादर सायफनने ओढून काढावी, मग टाकी तीन दिवस पूर्ण झाकून ठेवावी आणि पाण्याचा प्रवाह वाढवावा. त्यावर अँटिबायोटिक टाकण्याची शिफारस सर्रास होते. ती टाळलेली बरी, कारण फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंनाही त्याची झळ बसू शकते.

सर्वांत चिवट म्हणजे काळी दाढी. दिसायला काळी, पण वर्गीकरणात लाल शैवल. पानाचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवला की तिचा लालसर रंग दिसतो. अनुबियाच्या पानांच्या कडा आणि फिल्टरचे तोंड या तिच्या ठरलेल्या जागा. कार्बन डायऑक्साइड रोज कमीजास्त होणाऱ्या टाकीत ती हमखास येते. म्हणून गॅस दिवे लागण्याच्या तासभर आधी सुरू व्हावा, दिव्याला टायमर असावा आणि प्रकाश सहा ते आठ तासांवर जाऊ नये. ड्रॉप चेकरमधले द्रावण हिरवे असेल तर गॅस साधारण लिटरला 30 मिलिग्रॅम असतो. ते पिवळे झाले आणि मासे वर येऊन तोंड मारू लागले, तर गॅस तत्काळ बंद करून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवावा.

खताला घाबरण्याचे कारण नाही. 1996 मध्ये पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन यांनी फॉस्फेट टंचाईत ठेवून बाकीची पोषकद्रव्ये पुरवण्याची पद्धत मांडली. पुढे टॉम बार आणि इतरांनी भरपूर फॉस्फेट घालूनही टाक्या स्वच्छ ठेवून दाखवल्या. उपाशी झाडाची पाने झिजतात आणि शेवाळ पहिल्यांदा धरते ते त्याच पानांवर. अमोनिया मात्र खरा गुन्हेगार आहे. जास्त मासे, उरलेले खाद्य आणि कुजणारी पाने ही त्याची उगमस्थाने.

हे सगळे सावरल्यावर उरलेल्या दाढीसाठी 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड चालते. 60×30×36 सेंटीमीटरच्या टाकीत रेती-दगड वजा जाता सुमारे 55 लिटर पाणी मावते. 10 लिटरला 2 मिलिलिटर या हिशेबाने तिला 11 मिलिलिटर पुरते. फिल्टर बंद करून सिरिंजने ते थेट गुच्छावर सोडावे आणि काही मिनिटांनी फिल्टर चालू करावा. मेलेली दाढी दोन-तीन दिवसांत गुलाबी पडते. मॉस आणि वॅलिस्नेरिया यांना हा उपाय सोसेलच असे नाही. तांबे असलेली औषधे कोळंबी आणि गोगलगायी असलेल्या टाकीत टाकूच नयेत. एकाच वेळी सगळे शेवाळ मारणे तर सर्वांत धोक्याचे: ते कुजताना ऑक्सिजन ओढते आणि अमोनिया सोडते, आणि बोअरवेलच्या अल्कधर्मी पाण्यात तो अमोनिया अधिक विषारी ठरतो. आधी हाताने उपटावे, मग औषध, मग निम्मे पाणी क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदलावे.

शेवाळ खाणाऱ्या जिवांत अमानो कोळंबी आणि ओटोसिंक्लस भरवशाचे. सकर देऊ नये. बोटभर विकला जाणारा हा मासा फूटभर वाढतो, मोठेपणी शेवाळ कमी आणि घाण जास्त करतो, आणि कंटाळलेला मालक त्याला नदीत सोडून मोकळा होतो.