जावास्क्रिप्ट पोहोचलीच नाही, तर?

फेब्रुवारी २०११ मधील एका सोमवारी अमेरिकेतील गॉकर समूहाची लाइफहॅकरसारखी संकेतस्थळे उघडणाऱ्यांना बातम्यांऐवजी कोरे पान दिसले. समूहाने नुकतीच नवी रचना स्वीकारली होती. तीत सर्व्हरकडून येई तो नुसता सांगाडा. मजकूर मागवून पानात भरण्याचे काम वाचकाच्या ब्राउझरमधील जावास्क्रिप्टवर सोपवलेले होते. ती अडखळली आणि लेख असूनही वाचकांपर्यंत पोहोचेनात.

वेबचा मूळ स्वभाव असा नाजूक नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत घडवलेली आणि १९९१ मध्ये जगासमोर आलेली एचटीएमएल ही मोठी सोशिक भाषा आहे. अनोळखी खूण आढळली की ब्राउझर ती सोडून देतो आणि आतला मजकूर दाखवतो. म्हणूनच सर्नचे पहिले पान आजच्या मोबाइलवरही वाचता येते.

जावास्क्रिप्ट आली १९९५ मध्ये. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. ही भाषा एचटीएमएलइतकी क्षमाशील नाही. व्याकरणाची एक चूक राहिली, तर त्या फाइलमधील काहीच चालत नाही. अर्जातला रिकामा रकाना पाठवण्यापूर्वीच दाखवून देणे, अशी किरकोळ कामे तिच्याकडे होती तोवर यात धोका नव्हता. पुढे मदतनीसाच्या हाती घराच्या किल्ल्या गेल्या.

या बदलावरचा उतारा मात्र गॉकरच्या फजितीआधीच सुचवला गेला होता. २००३ मध्ये ऑस्टिन येथील परिषदेत स्टीव्हन शॅम्पिऑन आणि निक फिंक यांनी ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ ही कल्पना मांडली. तोवरची रीत अशी, की आधी सर्व सुविधांसह पान रचायचे आणि मग दुबळ्या ब्राउझरसाठी ठिगळे लावायची. या दोघांनी क्रम उलटा केला: प्रथम साध्या एचटीएमएलमध्ये मजकूर, दुवे आणि अर्ज चालते करायचे, सजावट आणि हालचाल त्यावर चढवायची.

‘पण आता जावास्क्रिप्ट बंद करून बसतो तरी कोण?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर ब्रिटनच्या शासकीय डिजिटल सेवेने २०१३ मध्ये मोजून दिले. शासनाच्या मुख्य संकेतस्थळाच्या पाच लाखांहून अधिक भेटी तपासल्या असता सुमारे १.१ टक्के भेटींत जावास्क्रिप्ट चालली नव्हती. ती जाणूनबुजून बंद ठेवणारे किंवा जुना ब्राउझर वापरणारे यांत केवळ ०.२ टक्के होते. उरलेल्या ०.९ टक्क्यांच्या ब्राउझरमध्ये ती चालायला हवी होती, तरीही चालली नाही. दर ९३ भेटींमागे एक, असा हा हिशेब.

कारणे अगदी घरगुती असतात. बोगद्यात शिरलेली गाडी, अर्धवट उतरलेली फाइल, कचेरीतील फायरवॉल. जानेवारी २०१४ मध्ये ब्रिटनमधील स्काय ब्रॉडबँडच्या पालक-नियंत्रण गाळणीने जेक्वेरीचा सर्व्हरच अडवला. त्याच्या भरवशावर असलेली पाने त्या घरांत लंगडी पडली. त्या घरांतील कोणीही ‘जावास्क्रिप्ट नको’ असे म्हटले नव्हते.

जावास्क्रिप्टशी माझे वैर नाही. नकाशा सरकवणे, व्हिडिओवरून बोलणे ही कामे तिच्याविना होणार नाहीत. परंतु बातमी वाचणे, निकाल पाहणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे यांत असे काय आहे, जे १९९५ मधल्या फॉर्मला जमत नव्हते? अर्जाच्या शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता गोल फिरणाऱ्या चकतीकडे पाहत बसलेल्या विद्यार्थ्याला ‘दुसरा ब्राउझर वापरून पाहा’ असे सांगणे मला उद्धटपणाचे वाटते. बटण साधे असते, तर अर्ज एव्हाना गेला असता.

हे खर्चिक पडते, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ट्विटरनेही २०१० मध्ये पान रचण्याचे काम ब्राउझरवर टाकले होते. २०१२ मध्ये ते पुन्हा सर्व्हरकडे आणले. पहिले ट्वीट दिसायला लागणारा वेळ त्यामुळे पूर्वीच्या एक-पंचमांशावर आला, असे त्यांच्याच अभियंत्यांनी जाहीर केले.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन जावास्क्रिप्ट पाच मिनिटे बंद करा आणि रोजच्या वापरातली दोन-तीन पाने उघडा. काय उरते, ते मलाही कळवा.