टपावरचा सूर्य आणि आखाखालचा कंदील

रात्री आडवाटेने गाडी हाकण्याचा नाद ज्यांना आहे, त्यांच्या मंडळीत हल्ली एक मत इतके दृढमूल झाले आहे की त्याविरुद्ध बोलणाऱ्यास जुनाट किंवा कंजूष यांपैकी एक पदवी बेलाशक बहाल होते. ते मत असे, की मूळ दिव्यांना जोड म्हणून घ्यावयाचे दिवे जितक्या अधिक लुमेनचे, जितके अधिक उंचावर आणि जितके अधिक संख्येने असतील, तितकी रात्र निर्धोक. नाशकात तयार झालेली थार दारात येऊन महिना लोटत नाही, तोच तिच्या टपावर एलईडीची लांबलचक पट्टी चढते आणि मालकास अंधार कायमचा जिंकल्याचे समाधान लाभते. हे समाधान एका पावसाळ्यापुरते मीही उपभोगले आहे. सबब पुढील खंडन हे पुष्कळ अंशी आत्मखंडन आहे, असे वाचकांनी समजण्यास हरकत नाही.

पूर्वपक्षाची सारी भिस्त लुमेनच्या आकड्यावर आहे. लुमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची एकूण बेरीज. तो प्रकाश कोठे पडतो, याविषयी हा आकडा चकार शब्द काढीत नाही. धरणात पाणी किती साठले आहे, हे सांगितल्याने पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात ते पोहोचेल की नाही, याचा खुलासा होत नाही, तसेच हे. हिशेबाच्या सोयीसाठी सगळा प्रकाश झोतात सारखा पसरतो असे धरले, तर १०,००० लुमेनचा दिवा ९० अंशांच्या शंकूत प्रकाश फेकीत असता १०० मीटरवर जेमतेम अर्धा लक्स (म्हणजे दर चौरस मीटरवर अर्धा लुमेन) उजेड पडतो. उलट १,००० लुमेनचा, म्हणजे एकदशांश ऐपतीचा दिवा तोच प्रकाश १० अंशांच्या शंकूत आवळून धरील, तर तेवढ्याच अंतरावर चार लक्सहून अधिक उजेड देतो. पौर्णिमेचे स्वच्छ चांदणे पाव लक्सच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे दहा हजारी दिव्याने शंभर मीटरवर काय साधले, ते कळते: दोन पौर्णिमा. त्यातही खोक्यावरचे लुमेन पुष्कळदा थंड चिपेचे, कागदावरचे असतात. दिवा तापला आणि भिंगातून काही प्रकाश गळाला, की जमेची बाजू आणखी खाली येते.

यावर कोणी म्हणेल, मग अरुंद झोताचे दिवेच घ्यावेत. हाही उतावळेपणा झाला. दिवा निवडावयाचा तो वाटेच्या आणि वेगाच्या हिशेबाने, दिव्याच्या पराक्रमाच्या हिशेबाने नव्हे. ताशी ८० किलोमीटर वेगाने खडीच्या सरळ रस्त्यावर जाणाऱ्यास, धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा दीड सेकंद धरता, थांबण्यास ८० मीटरांहून अधिक अंतर लागते. त्याला दूरचा, अरुंद झोत हवाच. परंतु आपल्या सह्याद्रीतील पाणंदीवर, ओढ्याच्या पात्रात किंवा कोकणातील जांभ्याच्या सड्यावर रात्री गाडी ताशी २० किलोमीटरच्या वर जात नाही, आणि गेली तर चालकाची कीव करावी. त्या वेगाने ओल्या मातीतही पंधरा मीटरांच्या आसपास गाडी उभी राहते. तेथे अर्धा किलोमीटर पलीकडच्या डोंगराच्या कपाळावर ठिपका पाडणारा दिवा काय कामाचा? तेथे हवी ती रुंदी. वळणाच्या आत काय आहे, बांधाची कड कोठे ढासळली आहे, ते दाखविणारा पसरट आणि सौम्य प्रकाश. म्हणजे रुंद प्रकाशाच्या बाबतीत प्रतिपक्ष अगदीच चुकीचा नाही. चुकते ते त्याचे प्रमाण आणि त्याहून अधिक त्याची जागा.

प्रमाण अशासाठी, की गाडीपुढची पहिली दहा मीटर भूमी भगभगीत उजळली, की डोळ्याची बाहुली आकसते आणि त्यापलीकडचा अंधार होता त्यापेक्षा गडद होतो. चालकास वाटते, केवढे दिसते आहे! दिसते आहे ते केवळ जवळचे.

जागेचा मुद्दा मात्र सविस्तर मांडला पाहिजे, कारण त्याचा विचार गॅरेजमध्ये कोणी करीत नाही. खाचखळगे आपल्याला दिसतात ते त्यांच्या रंगामुळे नव्हे, त्यांच्या सावलीमुळे. पौर्णिमेच्या चंद्रावरील विवरे सपाट भासतात आणि अष्टमीच्या चंद्रावरील विवरे कोरल्यासारखी उठून येतात. चंद्र तोच, पण पौर्णिमेला प्रकाश आपल्या पाठीमागून पडतो आणि अष्टमीला बाजूने. टपावरचा दिवा चालकाच्या डोळ्यांच्या जवळजवळ रेषेत असल्याने प्रत्येक दगडाची सावली तो दगडामागेच दडवितो. पुढची वाट शाडूच्या लादीसारखी गुळगुळीत दिसू लागते आणि हातभर खोल चाकोरीत चाक उतरल्यावरच चाकोरीचे अस्तित्व सिद्ध होते. बंपरच्या उंचीवरचा दिवा तोच दगड, तीच चाकोरी लांब सावलीने अधोरेखित करून दाखवितो. आपल्या गाडीवानांनी प्रकाशशास्त्र वाचले नव्हते. पण बैलगाडीचा कंदील ते डोक्यावर बांधीत नसत, आखाखाली टांगीत. तेथून उजेड जमिनीलगत पसरे, चाकोऱ्या स्पष्ट दिसत आणि गाडीवानाचे डोळे स्वतःच्याच ज्योतीने दिपत नसत. टपावरच्या पट्टीचा प्रकाश बॉनेटवर आपटून चालकाच्याच डोळ्यांत परततो, हे तर शेकडो रुपये खर्चून काळा कागद बॉनेटवर चिकटविणाऱ्यांना कोणी सांगावयास नको. खाली बसविलेल्या दिव्यास चिखल लागतो, हा आक्षेप खरा आहे. चिखल फडक्याने पुसता येतो. आणि मुक्कामावर तंबू ठोकताना टपावरचा दिवा सोयीचा पडतो, एवढे मी मोकळेपणाने मान्य करतो. गाडी उभी असताना त्याने अवश्य तळपावे.

धुक्याची गोष्ट निराळी नाही, केवळ अधिक कडवट आहे. आषाढातील एका रात्री ताम्हिणी घाटात ढग रस्त्यावर उतरला असता मी मोठ्या इतबाराने टपावरची पट्टी लावली, तोच समोर पांढरीशुभ्र भिंत उभी राहिली. थेंबाथेंबावरून परतलेला प्रकाश थेट डोळ्यांत शिरत होता. शेवटी पट्टी बंद करून, मूळ दिवे खाली झुकवून, सहप्रवाशाने खिडकीतून डोके बाहेर काढून दाखविलेल्या पांढऱ्या पट्ट्याच्या आधारे आम्ही घाट उतरलो. मग मित्रांनी सल्ला दिला, पिवळे दिवे घे, पिवळा प्रकाश धुके भेदतो. हाही हेत्वाभासच. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पटींनी मोठे असतात. असे थेंब पिवळ्याला वाट देऊन निळ्याला अडविण्याइतके पक्षपाती नसतात. फ्रान्सने १९३६ च्या कायद्याने पिवळ्या हेडलाइटांची सक्ती केली आणि ती १९९३ पर्यंत चालविली. त्या पिवळेपणाचा काही गुण असलाच तर तो डोळ्यास कमी खुपण्याचा आहे, धुके भेदण्याचा नव्हे. धुक्यात उपयोगी पडते ते दिव्याचे खाली असणे आणि झोताची वरची कड धारदार कापलेली असणे, रंग दुय्यम.

तारांविषयी थोडक्यात सांगतो. ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर नऊ अँपिअरांच्या वर प्रवाह ओढतात. बारीक तारेने वाटेतच दहा टक्के व्होल्ट खाल्ले, तर उजेड दहा नव्हे, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून जाड तार, रिले आणि बॅटरीलगत फ्यूज यांत काटकसर करू नये. दिव्याच्या खर्चात ही तजवीज आधी धरावी आणि उरलेल्या रकमेत बसतील तेवढेच दिवे घ्यावेत. आयपी ६७ हा शिक्का असावा. त्याचा अर्थ धूळ आत शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही दिवा टिकतो, एवढाच आहे.

राहता राहिला कायदा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी १११ वा नियम गाडीच्या पुढील बाजूस स्पॉटलाइट वा सर्चलाइट बसविण्यास मनाई करतो. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असेल तरच मुभा आहे. या नियमाची थट्टा करणाऱ्यांनी एकदा दुचाकीवरून रात्री घाट चढावा आणि समोरून टपावरचा सूर्य येऊ द्यावा. प्रतिवाद करण्याची गरज उरणार नाही.

माझा निर्णय असा, की सह्याद्रीपुरते बंपरच्या उंचीवर पसरट झोताचे दोन मध्यम दिवे पुरेत. ते घेण्याआधी परवानगीचा अर्ज करावा, आणि दुकानदारास लुमेन न विचारता एवढेच विचारावे, की वीस मीटरवर, रस्त्याच्या दोन्ही कडांना, किती लक्स? उत्तर आले नाही, तर पैसे खिशात ठेवून घरी परतावे.