काचेच्या तळ्याशेजारचा विस्तव

रंगीत मासे पाहायचे म्हणजे मुंबईस जायचे, असा एक काळ होता. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली खुले झाले आणि पुढे कित्येक वर्षे मुंबईची सहल त्याच्यावाचून पुरी होत नसे. आता भडगावसारख्या तालुक्याच्या गावीही बैठकीच्या खोलीत काचेची टाकी दिसते. मुले-सुना नोकरीनिमित्त नाशिक, पुणे, सुरत येथे असतात. घरात दोन वृद्ध जीव उरतात, आणि त्यांना सोबत म्हणून कोणीतरी हे चिमुकले तळे आणून ठेवतो. माशांची संथ हालचाल पाहत बसले की मन निवते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. छंदाविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. म्हणणे आहे ते टाकीच्या मागील बाजूविषयी, जिकडे सहसा कोणी पाहत नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व तितक्याच उंचीच्या टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. तिच्यासाठी हवेचा पंप, फिल्टर, एलईडी दिवा व हिवाळ्यापुरता ५० वॉटचा हीटर लागतो. सर्व मिळून वीज लागते ती छताच्या जुन्या पंख्याइतकी. एवढ्याशा विजेने आग कशी लागणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उपकरण किती वीज घेते हा एक प्रश्न झाला. जोडणी बिघडल्यास तार तेथे किती वीज आणून सोडू शकते, हा दुसरा आणि खरा प्रश्न. २३० व्होल्टच्या वाहिनीवर ६ अँपिअरचा एमसीबी असेल, तर जवळपास १,४०० वॉटपर्यंत तो गप्प राहतो. हा आकडा घरातल्या इस्त्रीपेक्षा मोठा आहे. तेवढी उष्णता प्लगच्या दोन पिनांमध्ये साठू लागली, तरी एमसीबीच्या लेखी सारे आलबेल असते.

ही उष्णता साठते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. हवेच्या बुडबुड्यांनी पाण्याचे सूक्ष्म तुषार सतत उडत असतात. उन्हाळ्यात नळाचे पाणी लांबले की बोअरचे पाणी टाकीत पडते. ते क्षारयुक्त असते व काचेच्या कडेला पांढरा थर धरते. तोच थर तारांवर आणि एक्स्टेंशन बोर्डावर बसतो. त्यात खान्देशची धूळ मिसळते. कोरडी असेतोवर ही पुटे निरुपद्रवी असतात. ओल लागली की त्यांतून किंचित वीज वाहू लागते. प्लॅस्टिक हळूहळू करपते, करपल्याने कोळशाची रेघ उमटते, आणि कोळसा विजेचा वाहक असल्याने ती रेघ दिवसेंदिवस रुंद होत जाते. यास महिने लागतात. ज्या दिवशी ज्वाला दिसते, त्या दिवशी काही नवीन घडलेले नसते. सैल प्लगचेही तेच. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये दोन पिनांचा प्लग कसाबसा बसवलेला असतो, मध्ये चिकटपट्टी गुंडाळलेला जोड असतो, आणि त्याच बोर्डावर श्रावणात कानबाईच्या मखराची रोषणाई, उन्हाळ्यात कूलर आणि बारा महिने मोबाईलचे चार्जर!

उपाय साधा आहे. टाकीतून निघणारी प्रत्येक तार सॉकेटकडे जाताना आधी सॉकेटच्या पातळीच्या खाली झोळ घेऊन मग वर चढावी. तारेवरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी येतो व तेथून जमिनीवर पडतो; सॉकेटात शिरत नाही. याला एक पैसा लागत नाही. बोर्ड जमिनीवर किंवा टाकीच्या खालच्या लाकडी कपाटात न ठेवता भिंतीवर, टाकीच्या बाजूला व उंचावर पक्का बसवावा. टाकीसाठी स्वतंत्र सॉकेट मिळाले तर सर्वोत्तम. आणखी एक गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. हवेचा पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल, तर वीज गेल्यावर टाकीतले पाणी रबरी नळीतून उलट पंपात उतरू शकते, आणि वीज परतताच तो पंप पाण्यासकट सुरू होतो. म्हणून पंप वरच्या फळीवर ठेवावा, किंवा नळीत एकाच दिशेने हवा सोडणारी छोटी झडप बसवून घ्यावी. माशांच्या दुकानात ती अगदी स्वल्प किमतीत मिळते.

सर्वांत अधिक काळजी हीटरची. तो पाण्यात असेतोवर पाणी त्याची उष्णता वाहून नेते. पाण्याबाहेर आला की त्याची काचेची नळी भयंकर तापते. गिरणाकाठी मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा टाकीतले पाणी नकळत खाली उतरते व हीटर उघडा पडतो. खरे पाहता फेब्रुवारी सरला की आपल्याकडे हीटरचे काम संपते, आणि गोल्डफिशला तर त्याची मुळीच गरज नाही. तरीही तो वर्षभर प्लगला लटकलेला असतो. पाणी कोमट असल्याने आपोआप बंद राहतो, एवढेच.

आता भारनियमनाचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. वीज गेली आहे, रिकामा वेळ आहे, म्हणून आजोबा टाकी धुवायला घेतात. हीटर बाहेर काढतात आणि हाताशी असलेल्या कापसाच्या गादीवर ठेवतात. बटण चालूच राहते, कारण वीजच नाही तर बंद काय करायचे? इतक्यात कोणीतरी हाक मारते, जेवणाची वेळ होते, काम अर्धवट राहते. वीज परत येते तेव्हा खोलीत कोणी नसते. कापूस भडकण्याआधी बराच वेळ आतल्या आत धुमसतो, आणि धुमसणाऱ्या कापसाचा धूर झोपलेल्या माणसाला जागे करीलच असे नाही. ज्या घरी इन्व्हर्टर आहे तेथे फसगत आणखी वेगळी: गल्लीतली वीज गेलेली असते, पण आपल्या सॉकेटात ती हजर असते. तेव्हा वीज असो वा नसो, टाकीत हात घालण्यापूर्वी बटण बंद करून प्लग उपसावा. हीटर बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटे पाण्यातच निवू द्यावा व मगच पाणी कमी करावे. ही सूचना ठळक अक्षरांत लिहून टाकीच्या काचेवर चिकटवावी. वृद्धांना विस्मरण होते म्हणून नव्हे; हाक आली की तरुणही विसरतात.

घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत काही गोष्टी शुश्रूषा करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्याव्यात. वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुनेला दारातच येतो, तो दिवसभर त्याच खोलीत बसलेल्या सासूबाईंना येत नाही. म्हणून ‘आई काही म्हणाल्या नाहीत’ हा पुरावा धरू नये. दुसरे, टाकीच्या पाण्याला किंवा तिच्या लोखंडी स्टँडला हात लागताच झिणझिण्या आल्या तर ती वीजगळती होय. परंतु दीर्घकाळच्या मधुमेहात हातापायांना मुंग्या येतच असतात. रुग्ण त्या दुखण्याच्या खात्यात मांडतो व गप्प बसतो. उलट कित्येकांची संवेदना इतकी बोथट झालेली असते की सौम्य धक्का जाणवतही नाही. गळती आहे की नाही हे हात लावून पाहण्याचा प्रकार तर कोणीच करू नये. तिसरे, गुडघे धरलेल्या माणसाला वाकून टेबलाखालचा प्लग काढता येत नाही; मग तो काढतच नाही. उभ्याने हात पोचेल असे बटण ही येथे चैन नव्हे. आणि घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असेल, तर त्याची जोडणी टाकीच्या बोर्डावर कदापि करू नये. प्राणवायू दाटलेल्या जागी लहानशी ठिणगीही झपाट्याने पेट घेते.

गळतीसाठी मुख्य फलकावर आरसीसीबी बसवून घ्यावा. ३० मिलिअँपिअरची गळती होताच तो वीज तोडतो. एमसीबीला हे काम जमत नाही. मात्र त्यासोबत अर्थिंग धड असावे. जुन्या वाड्यांत व धाब्याच्या घरांत लाकडी पट्टीतून नेलेल्या दोनच तारा आढळतात, अर्थिंगचा पत्ता नसतो. अशा घरी टाकी आणण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवावे. आणि हेही सांगणे भाग आहे की, सैल प्लगमुळे तापणारे सॉकेट आरसीसीबीलाही कळत नाही. त्याला दर पंधरवड्यास माणसाचेच डोळे लागतात: प्लगवर तपकिरी डाग, मऊ पडलेले प्लॅस्टिक, बटण दाबताना होणारी चुरचुर. यांपैकी एकही दिसले तर बोर्ड बदलावा, चिकटपट्टी लावू नये.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत १० नवजात बालके दगावली, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागून करोनाचे रुग्ण मृत्युमुखी पडले. दोन्हीकडे बळी गेले ते स्वतःहून उठून जाऊ न शकणारे जीव. घरातील अंथरुणाला खिळलेल्या माणसाची स्थिती याहून निराळी नसते. त्यामुळे त्यांच्या खोलीत टाकी नसावी. असलीच तर खाट आणि दार यांच्या मध्ये ती नसावी. बॅटरीवर चालणारा धूरसूचक छताला लावणे फार खर्चिक नाही.

आग दिसलीच तर प्लगला हात न लावता प्रथम मुख्य बटण बंद करावे. वीज चालू असताना पाणी ओतू नये. टाकी शेजारी आहे म्हणून तो मोह होतो. माशांना वाचवण्यात वेळ दवडू नये. माणसांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे आणि १०१ अथवा ११२ वर कळवावे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे व सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या उतरवाव्यात. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांतले काहीही लावू नये. विजेचा धक्का बसला असेल, तर माणूस ठणठणीत दिसला तरी डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार वा पेसमेकर असल्यास विनाविलंब.

लग्नकार्यासाठी दोन-चार दिवस परगावी जाणारे पुष्कळदा विचारतात की टाकीचे काय करावे. निरोगी मोठे मासे तेवढे दिवस खाद्यावाचून सहज राहतात, दिव्याची त्यांना गरज नसते. हीटर व दिव्याचे प्लग काढून ठेवावेत, फक्त फिल्टर किंवा पंप चालू ठेवावा, आणि सकाळ-संध्याकाळ डोकावून जाण्यास शेजाऱ्यांना किल्ली देऊन जावे. मुख्य बटण कोठे आहे, तेही त्यांना त्याच वेळी दाखवावे.