समजून घ्या : पाळणाघराचा डबा प्लास्टिकचा की स्टीलचा?

रत्नागिरीत पाळणाघरात जाणाऱ्या मुलाचा डबा सकाळी भरला जातो आणि उघडतो दुपारी. म्हणजे भात आणि कोकम घातलेली आमटी तीन-चार तास त्याच भांड्यात राहते. डबा घेताना त्यावरच्या कार्टूनपेक्षा हे तास महत्त्वाचे.

प्लास्टिकचा डबा उलटा करून पाहा. तळाच्या त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. उष्णता त्यातल्या त्यात बरी सोसते. ७ म्हणजे 'इतर'. त्यात पॉलिकार्बोनेटही येते आणि ते बनते बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीएपासून. हे रसायन संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करते. भारतीय मानकाने २०१५ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून ते हद्दपार केले. युरोपीय संघाची अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंमधली बंदी जानेवारी २०२५ पासून लागू झाली. 'बीपीए-फ्री' लिहिले असले तरी वाफाळता भात थेट प्लास्टिकमध्ये भरू नये.

त्यापेक्षा स्टील बरे. पण सगळे स्टील सारखे नसते. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्तातल्या २०१-२०२ ग्रेडमध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त. मीठ आणि आंबटापुढे ते लवकर डागाळते. कोकणी डब्यात तर हे दोन्ही रोजचेच. स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा केंद्राचा आदेश १४ मार्च २०२४ चा आहे, तेव्हा दुकानात ते खुशाल दाखवायला सांगावे. ॲल्युमिनियमचा डबा कोकम-चिंचेच्या पदार्थांना नकोच.

झाकणाची रबरी रिंग रोज काढून धुवावी. पावसाळ्यातल्या दमट हवेत बुरशी आधी तिथेच धरते. आणि क्लिपचे झाकण मुलाला स्वतः उघडता येते का, हे घरी एकदा करून पाहावे.