झोपेत श्वास कोंडतो तेव्हा विमा कुठे असतो?

आपल्या वस्त्यांमध्ये घोरणारा माणूस हा टिंगलीचा विषय असतो. रात्रभर ट्रॅक्टर चालवतो म्हणून घरचे हसतात. तोच माणूस दिवसा कामावर डुलकी घेताना सापडला की मुकादम त्याला आळशी म्हणतो. आणि मुकादमाच्या तोंडचा तो शब्द त्या एका माणसापुरता राहत नाही. "या लोकांना कामच नको असतं" हे पुढचं वाक्य येतंच. "या लोकांना" म्हणजे कोणाला, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्या डुलकीमागे अनेकदा एक आजार असतो, आणि त्याच्या उपचारापासून आपल्या माणसाला लांब ठेवणारे नियम कागदावर छापलेले आहेत. आज आम्ही त्या नियमांबद्दल लिहितो आहोत.

आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा अनेकांनी ते पहिल्यांदा ऐकलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून शरीराला उठवतो. माणूस पुन्हा झोपतो, पुन्हा तेच. तासाला तीस किंवा जास्त वेळा असं झालं तर डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात. आठ तास अंथरुणात काढूनही झोप झालेली नसते. पुढे रक्तदाब, हृदयविकार, लकवा यांचा धोका वाढतो. हा खात्यापित्या घरच्या जाड माणसांचा आजार आहे, असा एक समज आपल्यातही आहे. तो खोटा आहे. जबडा लहान असलेल्या, गळ्याची रचना अरुंद असलेल्या किडकिडीत माणसालाही हा होतो. २०१९ साली 'लॅन्सेट'च्या श्वसनविषयक नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार जगात ३० ते ६९ वयाचे सुमारे ९३ कोटी ६० लाख लोक या आजाराचे आहेत. एवढे श्रीमंत जगात आहेत तरी का?

"आपल्यासमोर सिकलसेल आहे, टीबी आहे, घोरण्याचं काय घेऊन बसलात?" असं काही कार्यकर्ते विचारतील. त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे की सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आढळतं, आणि ऑक्सिजन उतरणं हीच तर सिकलसेलच्या पेशंटसाठी सगळ्यात वाईट गोष्ट. विदर्भात राहून हे दोन आजार वेगळ्या खणांत ठेवता येत नाहीत.

यावरचा मुख्य उपचार म्हणजे सीपॅप मशीन. नाकावर मास्क लावायचा, मशीन हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. हा दाब प्रत्येकाचा वेगळा असतो आणि कायमचा नसतो. वजन दहा-पंधरा किलोने कमी-जास्त झालं, लकवा झाला, हृदय कमजोर झालं, झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या सुरू झाल्या, तर उपचार पुन्हा तपासावा लागतो. कधी नुसता दाब बदलतो, कधी मशीनचा प्रकारच. हे अंदाजाने करण्याचं काम नाही. २०१५ साली 'सर्व्ह-एचएफ' नावाच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की हृदयाची ताकद खूप कमी झालेल्या आणि मेंदूकडूनच श्वासाचा इशारा थांबणाऱ्या पेशंटना एका विशिष्ट प्रकारचं श्वासयंत्र दिल्यावर हृदयाने होणारे मृत्यू वाढले. म्हणजे योग्य मशीन योग्य माणसाला, आणि तब्येत बदलली की पुन्हा तपासणी. एवढं साधं आहे.

आता उत्तर नागपुरातले आमच्या ओळखीचे एक काका बघा. आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवली. काही वर्षांपूर्वी हप्त्यावर मशीन घेतलं. मग हार्ट अटॅक आला, बायपास झाली, वजन भराभर उतरलं. मशीनचा दाब मात्र जुन्या वजनाचाच. हवा पोटात जाऊन पोट फुगायचं, मास्क सुटायचा, शेवटी मशीन कपाटावर गेलं. डॉक्टरांनी एक रात्र दाखल करून झोपेची तपासणी पुन्हा करा म्हटलं. पोराने विमा कंपनीत विचारलं तर उत्तर आलं, नुसत्या तपासणीसाठी दाखल झाल्यास खर्च मिळत नाही.

कंपनी खोटं बोलली नाही, आणि आमचा राग नेमका त्यावर आहे. विमा नियामक प्राधिकरणाने सगळ्या मेडिक्लेमसाठी ठरवून दिलेल्या वगळणुकींमध्ये चौथ्या क्रमांकाला हेच आहे: मुख्यतः निदान आणि तपासणीसाठी दाखल होणं वगळलेलं. झोपेचा आजार मात्र झोपवूनच तपासावा लागतो! आता त्याच यादीतला सहावा क्रमांक वाचा. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च एरवी मिळत नाही, पण शरीराचा बीएमआय ३५ किंवा जास्त असेल आणि सोबत तीव्र स्लीप ॲप्निया असेल, तर काही अटींवर मिळू शकतो. म्हणजे हा आजार गंभीर आहे हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. लाखोंच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलात तर आजार खरा. पण घरच्या मशीनसाठी तीस-चाळीस हजार आणि अधूनमधून एक रात्रीची तपासणी मागितली की मेडिक्लेमचा हात आखडतो.

फॉर्म भरताना आणखी एक गंमत होते. आजार लिहिला तर हप्ता वाढतो किंवा तीन वर्षांपर्यंत थांबायला सांगतात. लपवला तर पुढे हृदयाच्या क्लेमच्या वेळी "माहिती दडवली" म्हणून क्लेम नाकारतात. मग लोक तपासणीच करत नाहीत. आपल्या पोरांनी एवढं तरी पाठ ठेवावं की २०२४ च्या नियमांनुसार जुन्या आजारासाठीची प्रतीक्षा ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि सलग ६० महिने हप्ता भरल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. कंपनीने ऐकलं नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करायला फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

पण मेडिक्लेम हा आपला रस्ता आहे असं आम्हाला वाटत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला याच नागपुरात सीजीएचएसमधून सीपॅपचा खर्च मिळण्याची तरतूद आहे. चांगलंच आहे, त्याचं काढून घ्या असं कोण म्हणतं? प्रश्न एवढाच की त्याच्या ऑफिसचा संडास धुणाऱ्या कंत्राटी बाईला ती का नाही? तिच्यासाठी महात्मा फुलेंच्या नावाची जनआरोग्य योजना आहे. पाच लाखांचं कवच आहे. पण ते कवच दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या ठरलेल्या उपचारांसाठी. रोज रात्री घरी घ्यायचा उपचार त्या चौकटीत बसत नाही. श्वास अडून अडून हृदय बंद पडायला आलं की मग कार्ड चालतं.

राहिला कामगार विमा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. त्यांच्याच काळात प्रा. आडारकरांकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा दिला गेला, १९४४ मध्ये अहवाल आला, आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कारखाना कायद्यातली दुरुस्तीही १९४६ मध्ये त्यांनीच मांडली होती. कामगाराला विश्रांती हवी हे त्यांना कळत होतं. या विम्यात उपचारखर्चाला वरची मर्यादा नाही. तरीही हिंगणा, बुटीबोरीच्या कितीतरी कंत्राटी कामगारांना आपली नोंद झाली आहे की नाही हेच माहीत नसतं, आणि पगार २१ हजारांच्या वर गेला की हे छत्रही जातं.

२०१२ च्या रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती चौहान यांनी झोपेला कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्कात जागा दिली. मध्यरात्री आंदोलकांना उठवणाऱ्या पोलिसांबद्दलचा तो खटला होता. आजार रोज रात्री उठवतो, त्याचं काय?

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. फुले योजनेत घरचं सीपॅप मशीन आणि तब्येत बदलल्यावरची फेरतपासणी आली पाहिजे. मेडिकल आणि मेयोमध्ये झोपेची तपासणी गरिबाला फुकट झाली पाहिजे. मोर्चाच्या आधी कागद हातात हवा. दोन्ही ठिकाणी माहिती अधिकारात अर्ज टाका, फी दहा रुपये. विचारा: झोपेची तपासणी होते का, गेल्या तीन वर्षांत किती झाल्या, त्यातल्या किती मोफत, यादीत किती लोक थांबलेत. कंत्राटी कामगार असाल तर ठेकेदाराकडे आपला कामगार विमा क्रमांक लेखी मागा. उत्तरं आली की आम्हाला पाठवा, जशीच्या तशी इथे छापू.

जयभीम.