विश्लेषण : बंदूक खाली करायचं बटण! गेमर्सना गेममध्ये कॅमेरा कशाला हवाय?

जीटीए 6 चा पहिला ट्रेलर डिसेंबर 2023 मध्ये आला, तेव्हा त्यात एक गंमत होती. गाड्या, पैसा, पोलीस हे सगळं होतंच, पण मधेमधे मोबाइलवर काढलेल्या रील्ससारखे व्हिडिओही होते. म्हणजे गेममधल्या गावातली माणसंसुद्धा दिवसभर शूटिंगच करत बसलेली. आता हा गेम 19 नोव्हेंबर 2026 ला येणार असं रॉकस्टार कंपनीने जाहीर केलंय, आणि चाहत्यांमधल्या एका गटाने वेगळाच धोशा लावलाय. गेममधल्या माणसांना कॅमेरा दिलात, मग आम्हालाही द्या.

हा गट गेममध्ये सिनेमे काढतो. गेमचं शहर हाच सेट, गेममधली पात्रं हेच नट, आवाज आपला. या प्रकाराला मशिनिमा म्हणतात. मशीन आणि सिनेमा या दोन शब्दांची ती जोडणी आहे. मागणी करणाऱ्यांना गेमचे नवीन नकाशे नकोत की नव्या बंदुका. त्यांना हवंय रेकॉर्डिंगचं साधन, हवा तिथे फिरवता येणारा कॅमेरा आणि पात्रं मनासारखी उभी करायची सोय.

ऐकायला हा लाड वाटतो. पण एकांकिका करणाऱ्या कुणालाही नेपथ्याचा खर्च विचारा. एक खोली उभी करायची तरी वर्गणी काढावी लागते. इथे अख्खं शहर, समुद्र, पाऊस आणि हेलिकॉप्टर गेमच्या किमतीत मिळतात.

सुरुवात कुठून झाली?

1996 मध्ये क्वेक नावाचा गेम आला. त्यात खेळलेला सामना रेकॉर्ड करून पुन्हा बघायची सोय होती. हेतू हा की आपण कुठे मार खाल्ला ते कळावं. त्याच वर्षी रेंजर्स नावाच्या खेळाडूंच्या टोळीने ही सोय वापरून ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ नावाची छोटी फिल्म काढली. दीडएक मिनिटांची आणि अगदी बाळबोध. पण कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यांतून सुटून बाहेर आला, तो इथे.

खरा किस्सा मात्र 2003 चा आहे. अमेरिकेतल्या ऑस्टिनमधल्या काही मित्रांनी हेलो या गेममध्ये ‘रेड व्हर्सेस ब्लू’ नावाची विनोदी मालिका सुरू केली. दोन सैनिक उभे राहून गप्पा मारतात, बस्स. अडचण अशी की हेलोतला सैनिक बंदूक कधी खाली करतच नाही. सगळा वेळ समोरच्यावर रोखलेली. आता छातीवर बंदूक रोखून माणूस निवांत गप्पा कसा मारणार?

त्यांना गेममधली एक चूक सापडली. हातात पिस्तूल असताना जमिनीकडे नेम धरला, की पात्राची मान खाली जाण्याऐवजी सरळच राहायची. झालं, सैनिक बंदूक खाली करून बोलतोय असं दिसायला लागलं. एक खेळाडू कॅमेरामन, त्याच्या नजरेतून दिसेल तेच शूटिंग. पडद्यावरचे गेमचे आकडे झाकायला वर-खाली काळ्या पट्ट्या. कोण बोलतंय हे कळावं म्हणून मान डोलवायची. सगळा जुगाड.

मालिका तुफान चालली. आणि 2004 मध्ये हेलो 2 आला तेव्हा तो बनवणाऱ्या बंजी कंपनीने बंदूक खाली करायची सोयच गेममध्ये दिली. विचार करा, नेमबाजीच्या गेममध्ये नेम न धरायचं बटण! खेळाडूला त्याचा काडीचा उपयोग नाही. ते होतं फक्त सिनेमावाल्यांसाठी. 2007 च्या हेलो 3 मध्ये तर ‘थिएटर’ नावाचा विभागच आला. खेळून झालेला सामना पुन्हा लावा आणि कॅमेरा हवा तिथून फिरवा.

मग आता भांडण कशाचं?

दिलेली सोय पुढच्या भागात असेलच याची हमी नसते. भांडण त्याचंच. 2010 च्या हेलो रीचमध्ये गेमच्या कथेचा भागही थिएटरमध्ये रेकॉर्ड व्हायचा. 2012 मध्ये हेलो 4 आला, बनवणारा स्टुडिओ बदलला होता, आणि कथेच्या भागासाठी थिएटर गायब. रॉकस्टारचंही तसंच. 2008 मध्ये जीटीए 4 च्या पीसी आवृत्तीत व्हिडिओ एडिटर होता. जीटीए 5 मध्ये एप्रिल 2015 ला ‘रॉकस्टार एडिटर’ आला, पण तोही फक्त पीसीवर. कन्सोलवाल्यांना सप्टेंबरपर्यंत थांबावं लागलं. तेव्हा सोबत ‘डायरेक्टर मोड’ मिळाला, ज्यात पात्र, हवामान, वेळ सगळं आपण ठरवायचं. जुन्या पीएस 3 आणि एक्सबॉक्स 360 वाल्यांच्या हाती काहीच लागलं नाही. पुढे 2018 मध्ये रेड डेड रिडेम्प्शन 2 आला. घोडे, बर्फ, सूर्यास्त, सिनेमासाठी याहून देखणा सेट सापडणार नाही. त्यात पुढे फोटो मोड आला. एडिटर नाहीच.

पीसीवर लोक बाहेरून मॉड टाकून कॅमेरा मोकळा करतात. कन्सोलवर तो मार्ग बंद. म्हणून मागणी थेट कंपनीकडे करावी लागते.

कंपन्या का कचरतात?

पैसे लागतात हे तर आहेच, पण तांत्रिक अडचणही खरी आहे. गेममधला रिप्ले हा बहुतेक वेळा व्हिडिओ नसतो. कोण कुठे होतं, कुणी कोणतं बटण दाबलं, गोळी कुठून सुटली, अशा नोंदींची ती फाइल असते. गेम त्या नोंदी वाचून प्रसंग पुन्हा उभा करतो. म्हणूनच कॅमेरा नंतरही हलवता येतो. समजा, तुमच्याकडे नाटकाचं चित्रीकरण नाही, पण संहिता आणि सगळ्या हालचालींची वही आहे. प्रयोग पुन्हा लावायचा आणि दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसायचं.

आता मधल्या काळात कुणी रंगमंचच बदलला तर? तेच अपडेटमुळे होतं. फोर्टनाइटमध्ये 2018 पासून रिप्लेची सोय आहे, पण मोठा अपडेट आला की जुने रिप्ले उघडत नाहीत. दर काही आठवड्यांनी बदलणाऱ्या गेममध्ये ही सोय टिकवणं हे कायमचं काम होऊन बसतं, आणि ते वापरणारे मूठभर. कंपनीचा हिशेब अगदीच चुकीचा नाही. पण त्या मूठभरांचे व्हिडिओ बघणारे लाखो असतात आणि ती जाहिरात कंपनीला फुकट मिळते, हेही हिशेबात धरायला हवं. व्हॉल्व्ह कंपनीने ते धरलं. आपल्या गेमच्या फिल्म बनवायला वापरलेलं सोर्स फिल्ममेकर हे सॉफ्टवेअर तिने 2012 मध्ये लोकांना मोफत देऊन टाकलं.

दुसरा मुद्दा हक्कांचा. गेममधलं शहर, पात्रं, गाडीच्या रेडिओवरची गाणी यातलं काहीच तुमच्या मालकीचं नाही. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने नियम जाहीर केले. आमच्या गेममधून फिल्म काढा, पण विकून पैसे करू नका आणि आक्षेपार्ह काही घालू नका. थोडक्यात, परवानगी आहे, हक्क नाही. गेममध्येच कॅमेरा असेल तर निदान ‘हे करायला कंपनीची हरकत नाही’ एवढं तरी स्पष्ट होतं. या मागणीमागचं मला पटणारं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

यातून खरंच काही घडतं का?

ऑक्टोबर 2005 मध्ये पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-बुआमध्ये पोलिसांपासून लपताना दोन मुलं विजेच्या धक्क्याने गेली आणि फ्रान्समध्ये दंगली पेटल्या. त्याच सुमारास ‘द मूव्हीज’ नावाचा गेम आला होता, ज्यात सिनेमा काढणं हाच खेळ. ॲलेक्स चॅन या फ्रेंच तरुणाने, ज्याला सिनेमाचा काही अनुभव नव्हता, त्या गेममध्ये ‘द फ्रेंच डेमोक्रसी’ ही तेरा मिनिटांची फिल्म केली. उपनगरातल्या तरुणांची बाजू मांडणारी. गेममधले सेट अमेरिकन धाटणीचे, त्यामुळे त्याचं पॅरिस न्यूयॉर्कसारखं दिसतं. तरीही जगभरच्या पत्रकारांनी त्याची दखल घेतली, कारण टीव्हीवर तेव्हा जळणाऱ्या गाड्या दिसत होत्या आणि इथे त्या का जळताहेत ते सांगणारा माणूस होता. कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरायची त्याची ऐपत असती, तरी त्या दिवसांत ते जमलं असतं का?

अलीकडचं उदाहरण ‘ग्रँड थेफ्ट हॅम्लेट’. 2021 च्या लॉकडाऊनमध्ये ब्रिटनमधले दोन बेकार नट जीटीए ऑनलाइनमध्ये शेक्सपिअरचं नाटक बसवायला निघाले. तालमीत अनोळखी खेळाडू येऊन गोळ्या घालायचे. त्यावरच्या माहितीपटाला 2024 च्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात परीक्षकांचं पारितोषिक मिळालं. नंतर तो थिएटरांतही लागला.

आपल्याकडे बहुतेक जण फोनवर खेळतात आणि जीटीए 6 ची घोषणा पीएस 5 आणि एक्सबॉक्स सिरीजपुरती झाली आहे. त्यामुळे एडिटर आला तरी तो आधी महागडा कन्सोल असणाऱ्यांच्याच हातात पडेल. जीटीए 5 पीसीवर चालवणाऱ्यांना मात्र थांबायची गरज नाही. रॉकस्टार एडिटर पॉज मेन्यूमध्येच आहे, मराठी आवाज तुमचा घाला. आणि ज्यांचे फोर्टनाइटचे रिप्ले पडून आहेत, त्यांनी पुढचा अपडेट डाउनलोड व्हायच्या आत ते व्हिडिओ म्हणून रेकॉर्ड करून ठेवावेत.